मॉडेल ९० अंश उघडलं, फिक्स्चर ७७: असेंब्लीतल्या हालचालीला मर्यादा कशी घालायची

डिप्लोमा संपवून भोसरीतल्या एका शेडमध्ये मी डिझाइनला लागलो. काम वेल्डिंग फिक्स्चरचं, म्हणजे वेल्डिंग होताना जॉब (वेल्ड करायचा तुकडा) जागेवर पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याचं. तिसऱ्या महिन्यात पहिलं स्वतंत्र काम हातात आलं, एक झुलता क्लॅम्प. न्यूमॅटिक सिलिंडरचा रॉड बाहेर आला की आर्म खाली येऊन जॉब दाबून धरतो. वेल्डिंग झालं की रॉड आत जातो, आर्म ९० अंश मागे कलतो आणि जॉब वरून उचलता येतो. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी आर्मला ० ते ९० अंशांची मर्यादा लावली. माउसने ओढलं की आर्म दरवाजासारखा उघडायचा आणि बरोबर ९० ला थांबायचा. साहेबांनीही दोनदा ओढून पाहिलं आणि मान डोलावली. पार्ट कापून आले, जुळणी झाली, हवा सोडली. आर्म ७७ अंशांवर थांबला. जॉबची उभी फ्लँज (कड) आर्मला फाऊल होत होती, म्हणजे आडवी येत होती, जॉब निघेना.

सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे रॉड एकूण सरकतो ते अंतर, ५० मिमी. आर्मवर रॉडची पिन बसते ते भोक पिव्हटपासून (आर्म ज्या पिनेभोवती फिरतो तिच्यापासून) ४० मिमीवर. ९० अंश फिरायला रॉडला सुमारे ५७ मिमी सरकावं लागतं, आणि मॉडेलमध्ये तो खुशाल सरकत होता. रॉडचं आतलं टोक सिलिंडरच्या पोटात असतं. तो सात मिमी जास्त सरकला तर बाहेरून कुणाला कळणार? मी मर्यादा आर्मला घातली होती. खऱ्या यंत्रात आर्मला अडवणारं काहीच नव्हतं, अडवणारा होता सिलिंडर.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: जी गोष्ट यंत्रात खरोखर अडवते, मॉडेलमध्येही तिलाच मर्यादा द्यायची. बाकीचे पार्ट तिच्यामागून आपोआप थांबले पाहिजेत. न थांबले तर चूक डिझाइनमध्ये आहे, आणि ती स्क्रीनवरच सापडली. खालच्या पायऱ्या याच क्लॅम्पवर दाखवतो. आज्ञा सॉलिडवर्क्सच्या आहेत, कारण माझा हात त्यावर बसलाय. फ्यूजन, इन्व्हेंटर आणि फ्रीकॅडवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

हाताशी काय हवं

- सिलिंडरच्या कॅटलॉगचं पान. बोअर (आतला व्यास), स्ट्रोक, पिनपासून पिनपर्यंतची बंद लांबी, आणि रॉड पूर्ण आत असताना पुढच्या कव्हरपासून रॉडच्या खांद्यापर्यंतचं (जिथून आटे सुरू होतात तिथपर्यंतचं) अंतर. नुसतं थ्रीडी मॉडेल पुरत नाही.
- जॉबचं मॉडेल, आणि तो कोणत्या दिशेने आत येतो व बाहेर निघतो याचा निर्णय. हा निर्णय तोंडी असेल तर लिहून घ्या.
- पिना, बुश आणि क्लेव्हिसच्या (रॉडच्या टोकाला बसणाऱ्या खाचेच्या तुकड्याच्या) रुंदीची मापं.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर. फोनमधला चालतो, आडवा धरला की साइन-कोसाइन दिसतात.
- कागद-पेन्सिल. हे विनोदाने म्हणत नाही.

१. मॉडेल उघडण्याआधी मोकळीक मोजा

अवकाशात सुट्ट्या पडलेल्या पार्टला सहा मोकळिका असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. प्रत्येक मेट, म्हणजे दोन पार्ट कसे जुळावेत हे सांगणारं बंधन, त्यातल्या काही खातो. दोन सपाट पृष्ठभाग कॉइन्सिडंट केले, म्हणजे एकमेकांना चिकटवले, की तीन जातात. भोक आणि पिन कॉन्सेंट्रिक केली, म्हणजे एकाच अक्षावर आणली, की चार जातात आणि दोन उरतात, अक्षावरून सरकणं आणि अक्षाभोवती फिरणं.

आता क्लॅम्प बघा. बेस, सिलिंडरची बॉडी, रॉड, आर्म: चार तुकडे. जोड चार: बेस-बॉडी पिन, बॉडी-रॉड सरकता जोड, रॉड-आर्म पिन, आर्म-बेस पिन. सपाटीवरच्या यंत्रणेसाठी कॉलेजात शिकवलेलं सूत्र इथे चालतं: हलणारे तीन तुकडे गुणिले तीन, वजा चार जोड गुणिले दोन. ९ वजा ८, म्हणजे १.

हा एक आकडा फार कामाचा आहे. मोकळीक एक असेल तर खरी मर्यादाही एकच असायला हवी. नवीन मुलं आर्मला एक लिमिट, रॉडला एक, सिलिंडरच्या झुलण्याला एक अशा तीन लावतात आणि मग कुठली कुणाशी भांडतेय ते शोधत बसतात. मीही बसलो आहे.

त्याच कागदावर स्ट्रोक पुरतो का तेही बघून घ्या. भोक पिव्हटभोवती ४० मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतं. ढोबळ अंदाजासाठी स्ट्रोक ही त्या वर्तुळाची जीवा धरा. अर्धी जीवा भागिले त्रिज्या: २५ भागिले ४० म्हणजे ०.६२५. ज्याची साइन ०.६२५ तो कोन ३८.७ अंश, त्याची दुप्पट ७७.४. शेडमध्ये आर्म थांबला तो हाच कोन. दोन मिनिटांचं गणित होतं, मी केलं नव्हतं. सिलिंडर स्वतःही थोडा झुलतो, त्यामुळे उत्तर अगदी तंतोतंत नसतं, पण ७७ आणि ९० मधला फरक दाखवायला पुरेसं असतं.

२. एक तुकडा जमिनीला बांधा

असेंब्लीत पहिला आणलेला पार्ट सॉलिडवर्क्स आपणहून फिक्स करतं, ट्रीमध्ये (बाजूच्या पार्टांच्या यादीत) त्याच्या नावाआधी कंसात एफ दिसतो. म्हणून बेस प्लेट पहिली आणा. आणताना स्क्रीनवर कुठेही क्लिक करू नका, सरळ हिरव्या टिकवर क्लिक करा. म्हणजे पार्टचा ओरिजिन (शून्यबिंदू) असेंब्लीच्या ओरिजिनवर बसतो आणि प्लेन जुळतात. पुढे सममितीची कामं करताना हे फार उपयोगी पडतं.

बाकी पार्टांपुढे वजा चिन्ह दिसेल. म्हणजे तो अजून मोकळा आहे. पुष्कळ जणांना हे चिन्ह दिसलं की ते घालवायची घाई होते. हलणाऱ्या यंत्रणेत काही पार्टांपुढे ते शेवटपर्यंत राहणारच. अधिक चिन्ह दिसलं तर मात्र थांबा, तिथे गरजेपेक्षा जास्त बंधनं पडली आहेत.

३. सिलिंडर उतरवून घेतला? आधी रॉड सोडवा

सर्वात जास्त वेळ इथे जातो. कंपन्यांच्या संकेतस्थळावरून सिलिंडरची स्टेप फाइल (कुठल्याही थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं मॉडेल) उतरवली की ती तीनपैकी एका रूपात येते.

पहिलं रूप: सगळा सिलिंडर मिळून एकच पार्ट, आत दोन-तीन बॉडी (सुटे घन आकार). यात रॉड हलणार नाही, कारण मेट पार्टांमध्ये लागतात, एकाच पार्टमधल्या बॉडींमध्ये नाही. रॉडची बॉडी वेगळा पार्ट म्हणून सेव्ह करा आणि दोन पार्टांची छोटी असेंब्ली बनवा.

दुसरं रूप: असेंब्ली म्हणून येते, पण आतले सगळे पार्ट फिक्स असतात. माणूस ओढत राहतो, काही हलत नाही, आणि दोष मेटना देतो. रॉडवर राइट क्लिक करून फ्लोट (मोकळा) करा.

तिसरं रूप: बॉडी आणि रॉड एकत्र वितळलेला एकच ठोकळा. त्याच्या नादी लागू नका. कॅटलॉगच्या मापांवरून बॉडीचा डबा आणि रॉड स्वतः काढा, वीस मिनिटं लागतात. फिक्स्चरच्या मॉडेलला सिलिंडरवरच्या स्टिकरची गरज नसते.

आता बॉडी आणि रॉड कॉन्सेंट्रिक करा. मेटच्या पानावर रोटेशन लॉक करायचा पर्याय दिसेल. बोल्टसाठी तो जरूर वापरा, बोल्ट उगाच मोकळे फिरत राहत नाहीत. इथे लावू नका. रॉडचं फिरणं पुढे आर्मची पिन ठरवणार आहे. दोन्हीकडून ठरवलं की कुरबुर सुरू.

जाता जाता: ३२ बोअरच्या, आयएसओ १५५५२ या मानकाच्या सिलिंडरच्या रॉडवर एम१० × १.२५ आटे असतात. बाजारात सहज मिळणारा नट १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). रॉड-एंड मागवताना पिच लिहा.

४. खरी मर्यादा लावा

मेटच्या आज्ञेत ॲडव्हान्स्ड हा विभाग उघडा आणि तिथला डिस्टन्स निवडा. स्टँडर्ड विभागातही डिस्टन्स आहे, पण त्यात एकच अंतर देता येतं. ॲडव्हान्स्डमधल्याला कमाल आणि किमान अशा दोन चौकटी असतात, यालाच लिमिट मेट म्हणतात.

दोन पृष्ठभाग निवडा: सिलिंडरच्या पुढच्या कव्हरचा सपाट पृष्ठभाग आणि रॉडचा खांदा. माझ्या कॅटलॉगमध्ये रॉड आत असताना हे अंतर २६ मिमी होतं. म्हणून किमान २६, कमाल ७६. सध्याचं अंतर या दोहोंच्या मधलं काहीतरी भरा, समजा ४०.

इथे तुम्हाला वाटेल, ० ते ५० असंच का नको? पिस्टनचा मागचा पृष्ठभाग आणि मागच्या कव्हरचा आतला पृष्ठभाग घेतला की सरळ स्ट्रोकच वाचता येईल. वाचायला छान आहे, पण शून्य ही धोक्याची जागा आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकले की अंतर कोणत्या बाजूला मोजायचं याबद्दल सॉफ्टवेअरचा गोंधळ होऊ शकतो आणि पुढच्या वेळी रॉड उलट्या बाजूने बाहेर पडलेला दिसतो. मर्यादेच्या दोन्ही टोकांना अंतर शून्यापासून लांब राहील असेच पृष्ठभाग निवडा. तरीही उलटं झालं तर मेट उघडून फ्लिप डायमेन्शनची टिक बदला.

मेटला नाव द्या. ट्रीमध्ये त्यावर क्लिक करून एफ-टू दाबा आणि "स्ट्रोक_५०" असं काहीतरी लिहा. "लिमिटडिस्टन्स३" या नावाने सहा महिन्यांनी तुम्हालाच काही कळणार नाही, दुसऱ्याला तर नाहीच.

५. सिलिंडर मुख्य असेंब्लीत आणा आणि फ्लेक्सिबल करा

सिलिंडरची छोटी असेंब्ली मोठ्या असेंब्लीत आणली की ती दगडासारखी गोठते. आत लिमिट मेट आहे, रॉड तिथे हलतोय, पण इथे हलत नाही. कारण सब-असेंब्ली मूळची रिजिड धरली जाते. कंपोनंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सॉल्व्ह ॲज या ठिकाणी फ्लेक्सिबल निवडा.

हे माहीत नसल्याने एका सहकाऱ्याने सगळ्या सब-असेंब्ल्या मोडून पार्ट मुख्य ट्रीमध्ये ओतले होते. काम झालं, पण बारा सिलिंडरचं फिक्स्चर होतं आणि ट्री उघडली की डोळे फिरायचे. उलट टोकही वाईटच. सगळंच फ्लेक्सिबल केलं तर मॉडेल जड होतं. जे हलतं तेवढंच करा.

६. पिना जोडा, शेवटची हलक्या हाताने

आर्म आणि बेस यांच्यात हिंज मेट लावा. मेकॅनिकल विभागात तो आहे, कॉन्सेंट्रिक आणि कॉइन्सिडंट दोन्हीचं काम एकदम करतो. त्याच पानावर कोनाची मर्यादा द्यायची चौकट दिसेल. हात शिवशिवतील, माझेही शिवशिवले होते. रिकामी सोडा.

सिलिंडरची मागची पिन आणि बेस यांच्यातही हिंज.

उरली रॉड आणि आर्म यांच्यातली पिन. इथे फक्त कॉन्सेंट्रिक लावा, बाजूचा कॉइन्सिडंट लावू नका. कारण असं: क्लेव्हिसची खाच १६ मिमीची आणि आर्मचा कान (त्या खाचेत बसणारा भाग) १५.८ चा. बेसपासून आर्ममार्गे या पिनपर्यंत आलात तर कान कुठे बसतो हे ठरलेलं आहे. बेसपासून सिलिंडरमार्गे आलात तर क्लेव्हिस कुठे बसतो हेही ठरलेलं आहे. दोहोंत ०.१ मिमीचा फरक जरी असला आणि तुम्ही पृष्ठभागाला पृष्ठभाग चिकटवलात, तर सॉफ्टवेअरपुढे अशक्य गोष्ट येते आणि लाल फुल्यांचा पाऊस पडतो. बंद साखळीची शेवटची कडी जोडताना जितकं कमी सांगाल तितकं बरं.

याचं गणितही आहे, आवड असेल त्यांनी बघावं. पहिल्या पायरीतलं सूत्र सपाटीसाठी होतं. तेच अवकाशासाठी मांडलं, तीन तुकडे गुणिले सहा वजा चार जोड गुणिले पाच, तर उत्तर येतं उणे २. म्हणजे हिशेबाने ही यंत्रणा हलायलाच नको! ती हलते कारण पिनांचे सगळे अक्ष समांतर आहेत, आणि काही बंधनं एकच गोष्ट पुन्हा सांगतात. अक्ष जोवर अगदी समांतर आहेत तोवर सॉफ्टवेअर हे पुनरुक्तीचं ओझं निमूट वाहतं. अक्ष थोडाही कलला की तक्रार सुरू. खऱ्या फिक्स्चरमध्येही हेच होतं, फरक इतकाच की तिथे लाल फुलीऐवजी पिन आत जात नाही आणि फिटर हातोडी घेतो.

क्लेव्हिसमध्ये कान मधोमध दिसावा असं वाटत असेल तर विड्थ मेट लावता येतो, पण त्यातला फ्री हा पर्याय घ्या. तो कानाला दोन गालांच्या मध्ये मोकळा खेळू देतो.

७. आर्म अचानक आरशात गेला तर

आता आर्म ओढून बघा. रॉड २६ आणि ७६ च्या मध्येच राहील आणि आर्म आपोआप थांबेल. बहुतेक वेळा.

कधीकधी झटक्यात ओढलं, किंवा एखादं माप बदलून रीबिल्ड केलं, की आर्म पलीकडे उडी मारतो आणि बेसमध्ये घुसून उलटा बसतो. सगळे मेट हिरवेच. यात सॉफ्टवेअरची चूक नाही. बेसवरच्या दोन पिनांना जोडणारी रेघ मनात काढा. रॉड-आर्मची पिन रेघेच्या या बाजूला असली काय किंवा त्या बाजूला असली काय, सिलिंडरची लांबी तीच भरते. स्ट्रोकच्या मर्यादेला दोन्ही उत्तरं मान्य आहेत.

अशा वेळी, आणि माझ्या मते फक्त अशाच वेळी, कोनाची मर्यादा लावावी. तीही सैल. भोक आणि पिव्हट यांना जोडणारी रेघ त्या दोन पिनांच्या रेघेशी माझ्या दुरुस्त केलेल्या क्लॅम्पमध्ये (दुरुस्ती पुढच्या पायरीत) सुमारे ४४ ते १३६ अंशांत फिरते. मी मर्यादा दिली २० ते १६०. ती आर्मला थांबवत नाही, फक्त पलीकडे जाऊ देत नाही. नाव ठेवलं "पहारा_कोन", म्हणजे पुढच्या माणसाला हा खरा स्टॉपर वाटू नये. कोनाच्या मेटमध्ये रेफरन्स एंटिटीची चौकट असते, तिथे पिनचा दंडगोल निवडा. नाहीतर इकडचे ६० अंश आणि आरशातले ६० अंश मेटला सारखेच.

८. टोकाला नेऊन मोजा

रॉड एका टोकाला न्या. मेझरने आर्मचा कोन घ्या, कागदावर लिहा. दुसऱ्या टोकाला न्या, लिहा. वजाबाकी पहिल्या पायरीतल्या अंदाजाजवळ आली पाहिजे.

माझ्या क्लॅम्पची दुरुस्ती इथे सांगतो, कारण ती एका फटक्यात जमली नाही. ५० स्ट्रोकमध्ये ९० अंश हवे तर भोक पिव्हटच्या जवळ आणायचं. ३५ मिमीवर आणलं: २५ भागिले ३५, कोन ४५.६, दुप्पट ९१. झालं, असं वाटलं. तेवढ्यात आमच्या असेंब्लीच्या काकांनी विचारलं, "क्लॅम्प झाल्यावर स्ट्रोक किती शिल्लक राहतो?" शून्य राहत होता. आर्म जॉबला टेकतो त्याच क्षणी पिस्टन पुढच्या कव्हरला टेकत असेल, तर जोर जॉबवर पडतो की कव्हरवर, कोण सांगणार? शीट अर्धा मिमी पातळ आली की क्लॅम्प हवेतच. म्हणून दाबलेल्या स्थितीत ४ मिमी स्ट्रोक शिल्लक ठेवायचं ठरलं. वापरायला उरले ४६. आता २३ भागिले ३५ घेतलं तर जेमतेम ८२ अंश मिळतात. शेवटी भोक ३२ मिमीवर गेलं: २३ भागिले ३२, कोन ४६, दुप्पट ९२. अर्थात भोक जवळ आलं की पिव्हटवरचा जोर कमी होतो. ३२ बोअरचा सिलिंडर ६ बारला सुमारे ४८० न्यूटन ढकलतो. ४० ऐवजी ३२ चा हात म्हणजे, रॉड आर्मशी काटकोनात असतानासुद्धा, एक पंचमांश जोर गेला. आमच्या पातळ शीटला तो पुरला. जाड जॉबला ६३ चा स्ट्रोक किंवा ४० चा बोअर घ्यावा लागला असता.

लिमिट मेट मात्र २६ ते ७६ च ठेवला, ७२ नाही केला. सिलिंडर ५० सरकतो हे सत्य आहे. ४६ वर त्याला जॉब थांबवतो, आणि जॉब मॉडेलमध्ये आहेच.

९. मधल्या वाटेवर काय आपटतं ते बघा

इंटरफिअरन्स डिटेक्शन (पार्ट एकमेकांत घुसलेत का ते बघणारी आज्ञा) फक्त सध्याच्या स्थितीत तपासतं. दोन्ही टोकांना "काही नाही" म्हणालं म्हणजे मधे काही नाही असं नव्हे. त्यासाठी मूव्ह कंपोनंटमध्ये कोलिजन डिटेक्शन चालू करा, "स्टॉप ॲट कोलिजन"ला टिक द्या आणि हळू ओढा. मोठ्या असेंब्लीत सगळ्या पार्टांमध्ये तपासायला लावलंत तर संगणक घामाघूम होतो. संशयित पार्ट तेवढे यादीत घ्या: आर्म, जॉब, शेजारचा लोकेटर (जॉबची जागा ठरवणारा पार्ट).

हे बंधन सेव्ह होत नाही, आज्ञा बंद केली की संपलं. त्यामुळे "कोलिजन आहे ना, मग लिमिट कशाला" हा युक्तिवाद चालत नाही.

आणि जे मॉडेलमध्ये काढलेलंच नाही ते कुठलीच आज्ञा पकडणार नाही. आमच्याकडे सर्वात जास्त फाऊल होतात ते नळीचे फिटिंग, फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरवरच्या मॅग्नेटिक सेन्सरची वायर. फिटिंगच्या जागी निदान एक ठोकळा काढून ठेवा. सिलिंडर झुलतो तेव्हा नळीही झुलते, तिला वळायला जागा लागते.

१०. ड्रॉइंगसाठी उघडी आणि बंद स्थिती

ड्रॉइंग काढताना आर्म जिथे सोडला तिथे सापडेल याची खात्री नसते. दोन कॉन्फिगरेशन (एकाच असेंब्लीची साठवलेली वेगवेगळी रूपं) करा. प्रत्येकात एक साधा डिस्टन्स मेट: उघड्याला २६, बंदला ७२. त्या वेळी लिमिट मेट सप्रेस करा, म्हणजे तात्पुरता बंद ठेवा. तिसरं कॉन्फिगरेशन "फिरतं", त्यात लिमिट चालू आणि हे दोन्ही सप्रेस. ड्रॉइंगमध्ये अल्टरनेट पोझिशन व्ह्यू घेतला की दुसरी स्थिती तुटक रेषेत त्याच दृश्यावर उमटते. ग्राहकाला हे चित्र सगळ्यात आधी हवं असतं.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

फ्यूजनमध्ये मेटऐवजी जॉइंट असतात. रॉडला स्लायडर, पिनांना रिव्हॉल्यूट. जॉइंटवर राइट क्लिक करून एडिट जॉइंट लिमिट्स उघडा. किमान, कमाल आणि रेस्ट अशा तीन टिका आहेत. रेस्ट म्हणजे सोडल्यावर पार्ट परत जाऊन बसतो ती जागा. धडक तपासायला कॉन्टॅक्ट सेट. इन्व्हेंटरमध्येही जॉइंट आणि कन्स्ट्रेंट दोहोंना मर्यादा देता येते.

फ्रीकॅडमध्ये २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या १.० आवृत्तीपासून असेंब्ली वर्कबेंच (पार्ट जोडायच्या साधनांचा विभाग) अंगभूत आहे. त्याआधी वेगवेगळी जोड-वर्कबेंच बसवावी लागत आणि एकाची फाइल दुसऱ्यात नीट चालत नसे, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. बेस ग्राउंड करा, स्लायडर जॉइंट लावा, त्याच चौकटीत किमान आणि कमाल लांबीला टिक देऊन आकडे भरा. रिव्हॉल्यूट जॉइंटला तसेच कोन देता येतात. घरी शिकायला पैसे लागत नाहीत ही मोठी गोष्ट आहे. मोठ्या असेंब्लीत अजून संयम लागतो.

लाल फुल्या दिसल्या तर

घाबरून सगळे मेट पुसू नका. एरर पहिल्यांदा कधी आली ते आठवा आणि तो शेवटचा मेट सप्रेस करा. बाकीचे हिरवे झाले तर दोषी तो किंवा त्याचा जोडीदार. कळत नसेल तर मेट-एक्स्पर्ट चालवा, तो आपसात न पटणाऱ्या मेटांचा गट दाखवतो. तरीही सुटत नसेल तर लिमिट मेट आधी सप्रेस करा. पार्ट अनेकदा मर्यादेच्या बाहेर पडलेला असतो आणि आत यायला वाट नसते. त्याला हाताने ओढून मर्यादेत आणा आणि मग मेट पुन्हा चालू करा.

पाठवण्याआधी

स्टेप फाइलमध्ये मेट जात नाहीत. तुम्ही कष्टाने लावलेली मर्यादा ग्राहकाकडे पोचतच नाही, पोचतो तो सेव्ह करताना जिथे होता तिथे गोठलेला आर्म. एकदा आमची फाइल अर्धवट उघड्या स्थितीत गेली आणि त्यांच्या रोबोवाल्यांनी वेल्डिंग टॉर्चचा मार्ग त्यावरच आखला. तेव्हापासून दोन फाइली पाठवतो, नावातच "उघडं" आणि "बंद" लिहून, आणि मेलमध्ये स्ट्रोकचे दोन आकडे.